कुरूप महिन्याभरात परत का आलं: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की पायातलं कुरूप काढायला आमच्या दवाखान्यात आल्यावर अर्धा तास तपासणीतच गेला, मग ते मुळासकट न काढता ‘नुसतं खरवडलं’, वर चप्पल बदलायला सांगितलं आणि महिन्याभरात ते परत आलं. तुमच्या तपासणीत काय आढळलं ते इथे चारचौघांत लिहिणार नाही, ते तुमच्या कागदांवर आहे. पण आम्ही सगळ्यांच्याच बाबतीत असं का करतो, ते सांगायलाच हवं.

कुरुपाला मूळ नसतं. पादत्राण एकाच जागी दाबत किंवा घासत राहिलं की तिथली कातडी जाड होते आणि मधोमध टणक खडा बनतो, त्याचं टोक आत वळलेलं. तोच चालताना खुपतो. आम्ही जाड कातडी ब्लेडने पापुद्र्यापापुद्र्याने उतरवतो आणि मग तो खडा काढतो. ही कातडी मेलेली असते, त्यामुळे सहसा भूल लागत नाही. त्याखाली जिवंत कातडी असते. तिथे खोल कापलं आणि व्रण राहिला, तर पाऊल टेकताना तो व्रणच दुखत राहतो. दाब मात्र तसाच राहिला तर कुरूप काही आठवड्यांत पुन्हा तयार होतं, कितीही नीट काढलं तरी.

आता तपासणी. पायाला स्पर्श आणि कंप जाणवतो का ते पाहायला 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा डोळे मिटायला सांगून तळव्याला टेकवतो, 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतो, आणि रक्त नीट पोहोचतंय का ते कळायला पावलावरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी पाहतो. नाडी नीट लागली नाही तर घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतो. उत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर पायाला रक्त कमी पोहोचत असण्याची शक्यता असते. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या की हाच आकडा फसवा, वाढलेला येतो, तेव्हा पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजावा लागतो. बधिर पायाला ब्लेड लागलं तर माणसाला कळतच नाही, आणि रक्त कमी असेल तर जखम भरत नाही. त्यात मुंबईचा पावसाळा: तीच जखम घेऊन तुंबलेल्या पाण्यातून घरी जायचं, आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू अशा जखमेतून शिरू शकतात. म्हणून या तपासणीशिवाय आम्ही ब्लेड हातात घेत नाही, रांग कितीही मोठी असो.

मेडिकलमधली कॉर्नची (कुरुपाची) पट्टी स्वस्तात हेच काम करते, असंही तुम्ही लिहिलंय. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, बऱ्याचदा 40 टक्के. मेलेली कातडी कुठली नि जिवंत कुठली, हे त्याला कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी किंवा पाय बधिर असलेल्यांनी ती लावूच नये, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

चपलेचा सल्ला विक्रीसाठी नव्हता. घरीच पाहा: कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा आणि तिच्यावर बूट ठेवा. रेघ बाहेर डोकावली तर बूट अरुंद आहे. सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) साधारण 1 सेंटिमीटर जागा हवी. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

पुढच्या वेळी कामावर घालता तेच बूट घेऊन या. झीज कुठे झालीय ते पाहून दाब हलवणारं फेल्टचं पॅड नेमकं कुठे बसवायचं ते ठरवू.