बँशचा जील: मुखवटा सकाळी, संत्री दुपारी

बेल्जियममधील बँश गावाच्या कार्निव्हलवरील एका लेखात ‘मुखवटे घातलेले जील (कार्निव्हलचे पारंपरिक वेशधारी नर्तक) संत्री फेकतात’ असे आले आहे. या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. मेणाचा मुखवटा फक्त कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी सकाळी असतो, तेव्हा हातात काटक्यांची जुडी असते. दुपारी मुखवटा जातो, शहामृगाच्या पिसांचा सुमारे 3 किलोचा टोप चढतो आणि संत्र्यांची टोपली येते. पाऊस असेल तर टोप घालत नाहीत.

खरे कसब पहाटेचे. पोशाखात छातीला आणि पाठीला पेंढ्याचे पीळ ठासून भरतात. हे काम जाणकारच करतो, कारण भरण सैल किंवा एकांगी झाली तर दिवसभराच्या नाचात ती सरकते, पेंढ्याने आलेले कुबड वाकडे दिसते. मग कमरेला घंट्यांचा पट्टा, पायात लाकडी बूट. ढोलाशिवाय जील पाऊल टाकत नाही.

फेकलेले संत्रे झेलून ठेवा. परत फेकणे हा अपमान समजतात. काचा फुटू नयेत म्हणून खिडक्यांना जाळ्या लावतात. आणि पोशाख दक्षिण अमेरिकेतील इंका लोकांवरून आला ही त्या लेखातली कथा कृपया काढा, ती 19व्या शतकात रचलेली आहे.