फोटोवरून नवा पतंग ठरत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर भावोजींनी एक मेसेज टाकला आणि खाली लेकीसाठी लिहिलं, ‘बघ, हे काम आता मोबाइल करतो. दुसरं काहीतरी शीक.’ भाची प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतेय, पुढे कीटकांच्या वर्गीकरणात जायचं म्हणते. म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजला मी उत्तर देत नाही.

मेसेजचं म्हणणं असं. आफ्रिकेच्या जंगलात नवा पतंग सापडल्याच्या बातम्या येतात ती शास्त्रज्ञांची दुकानदारी आहे. ॲपने फोटो काढला की नवी प्रजाती लगेच कळते, तरी हे लोक उगाच जीव मारतात. हा गोऱ्यांचा आफ्रिका लुटायचा जुनाच धंदा आहे. ज्याला पतंग सापडतो तो स्वतःचं नाव देऊन मोकळा होतो. आणि सामान्य माणसाला याचा काडीचा उपयोग नाही.

सोबत ‘नव्या आफ्रिकन पतंगा’चा फोटो आहे. तो ॲटलास पतंगाचा आहे. हा आशियातला पतंग, जीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने त्याला १७५८ मध्येच नाव दिलं, आणि त्याचा जवळचा भाऊबंद आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात दिसतो. फोटो टाकणाऱ्याने ॲपला तरी विचारायचं होतं.

आता मुख्य दावा: ‘ॲप नवी प्रजाती ओळखतं’. ओळखणार कशावरून? ॲपला आधी नावं लावलेले फोटो दाखवून शिकवलेलं असतं. ज्या प्रजातीला अजून नावच नाही तिचा नावासकट फोटो त्यात असूच शकत नाही. तुम्ही नवा पतंग दाखवलात तर ॲप त्यातल्या त्यात जवळचं जुनं नाव सांगेल, नाहीतर कुळावर थांबेल. म्हणजे नेमका जो नवा आहे, तोच जुन्या नावाखाली लपून जाईल. आणि ती जुनी नावं तरी लावली कोणी? ज्यांना मेसेज दुकानदार म्हणतो त्यांनीच.

एक खरं उदाहरण देतो. कॅमेरून देशात समुद्राला लागून माउंट कॅमेरून हा जिवंत ज्वालामुखी आहे, उंची चार हजार मीटरच्या वर. पायथ्याच्या डेबुंडशा भागात वर्षाला सुमारे दहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या आंबोलीपेक्षाही जास्त. किनाऱ्यालगतचं बिंबियाचं सखल जंगल आणि डोंगराच्या उतारावर साडेतीनशे मीटरवरचा बांबू कॅम्प, अशा ठिकाणी संशोधकांनी रात्री दिवे लावून पतंग गोळा केले. त्यांतल्या एकाच कुळाच्या नऊ नव्या प्रजातींचं वर्णन उस्त्युझानिन, कोव्हतुनोविच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘झूकीज’ या नियतकालिकात केलं. या कुळाच्या पतंगांचा प्रत्येक पंख सहा पिसांत चिरलेला असतो, चार पंखांची मिळून चोवीस पिसं. आकार इवलासा, रंग तपकिरी-करडा, नुसत्या डोळ्यांना बरेचसे सारखेच.

मग वेगळेपण कळतं कसं? पोट वेगळं काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायचं, मऊ भाग विरघळवायचा, उरलेला जननेंद्रियाचा कडक सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली साफ करून काचपट्टीवर बसवायचा. मग तो जगभरच्या संग्रहांतल्या जुन्या नमुन्यांशी आणि जुन्या वर्णनांशी ताडून बघायचा. त्या नऊपैकी एकाचं नावच ‘लाँगिपेनिस’ आहे, नराच्या लांब जननेंद्रियावरून. मोबाइलच्या फोटोत ते कुठून दिसणार? १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रजातीसाठी प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट अट आहे: ज्या नमुन्यावर नाव उभं आहे तो होलोटाइप ठरवा आणि तो कोणत्या संग्रहात राहील ते सांगा. नाहीतर नाव ग्राह्यच नाही.

थोडं तथ्य मेसेजमध्ये आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. नमुना जपता आला नाही तर फोटोवरून वर्णन करायची वाट नियमांत आहे, पण नमुना का नाही याचं सविस्तर कारण द्यावं असं २०१७ पासून त्यासोबत सांगितलेलं आहे. यंत्रावर भिस्त ठेवणारे शास्त्रज्ञही आहेत. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या चारशेहून जास्त परजीवी गांधीलमाश्यांचं वर्णन मुख्यतः डीएनए बारकोडवर, म्हणजे ओळखीसाठी वाचलेल्या डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावर, केलं गेलं. त्यावर वर्गीकरणवाल्यांनीच कडक टीका केली. तरी तिथेसुद्धा कीटक पकडून संग्रहात ठेवलेलेच होते.

‘जीव मारतात’ म्हणे. मारतात, खरं आहे. पण दिव्याखालच्या चादरीवर आलेल्या पतंगांतले काही घेतल्याने प्रजाती संपत नाही, त्यांची मादी शेकड्याने अंडी घालते. प्रजाती संपते ती जंगल गेल्यावर, आणि माउंट कॅमेरूनच्या पायथ्याशी जर्मन काळापासून तेलताड, रबर आणि केळीचे मळे पसरत आलेत. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. शिवाय जपलेला नमुना शंभर वर्षांनीही बोलतो. मादागास्करमधल्या लांब सोंडेच्या पतंगाला १९०३ मध्ये मुख्य भूमीवरच्या आफ्रिकन पतंगाची उपप्रजाती ठरवलं होतं. २०२१ मध्ये अवयव आणि डीएनए दोन्ही पुन्हा तपासून तो स्वतंत्र प्रजाती ठरला. ही फेरतपासणी होऊ शकली कारण नमुने होते.

लुटीच्या दाव्यात दुखणं खरं आहे. आफ्रिकन पतंगांचे असंख्य होलोटाइप लंडन, पॅरिस, बर्लिन आणि बेल्जियमच्या तेर्व्युरनमध्ये आहेत, आणि ते बघायला आफ्रिकेतल्या संशोधकालाच व्हिसा काढून युरोप गाठावा लागतो. हे बदलायलाच हवं. एखाद्या देशातली जैविक संपत्ती वापरायला त्या देशाची परवानगी आणि फायद्यात वाटा मागणारा नागोया करार २०१४ पासून लागू आहे, पण कागदावर परवानगी मिळणं आणि कॅमेरूनमधल्या बुएआ किंवा याउंदे शहरात पगारी संग्रहपाल असणं यांत फार अंतर आहे. यावर उपाय तिथे वर्गीकरणतज्ज्ञ वाढवण्याचा आहे. मेसेज मात्र त्या कामालाच दुकानदारी म्हणतो.

स्वतःचं नाव द्यायची रीत नाही. नियमात मनाई नसली तरी असं करणाऱ्याला या क्षेत्रात कोणी मान देत नाही.

राहिला उपयोग. अमेरिकन लष्करी अळी हीदेखील एका पतंगाचीच अळी. ती २०१६ मध्ये पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत पहिल्यांदा नोंदवली गेली आणि २०१८ मध्ये भारतात आली, आधी कर्नाटकात, मग आपल्याकडच्या मक्यावर. आफ्रिकेत मक्यावर पडणाऱ्या स्थानिक अळ्या आधीपासून होत्याच. ही त्यांतली नाही, बाहेरून आलेली आहे, हे सांगायला डोक्यावरचं उलट्या इंग्रजी ‘Y’ अक्षरासारखं चिन्ह, शेपटीजवळचे चार ठिपके, पतंगाचे अवयव आणि डीएनए ओळखणारी माणसं लागली. मक्याच्या पोंग्यात कोणती अळी शिरलीय हे ठरल्याशिवाय फवारणी कशाची करायची हेही ठरत नाही.