बैलाच्या आतड्याकाठी मुक्काम

चीनच्या आन्हुई प्रांतातलं होंगत्सुन हे गाव म्हणे बैलाच्या आकाराचं आहे. टेकडी हे डोकं, मधलं अर्धचंद्राकृती तळं हे जठर आणि घरांच्या दारांवरून वाहणारा पाट म्हणजे आतडं. 2000 साली युनेस्कोनं या गावाला जागतिक वारसा ठरवलं. आमची खोली आतड्याच्या काठी होती. पहाटे बायका त्या पाटावर धोपाटण्यानं धुणं बडवू लागल्या, की वारसा थेट कानात शिरायचा.

"इतक्या लांब येऊन हॉटेलात कसलं राहायचं? जुन्या वाड्यातच राहू," हा बायकोचा हट्ट. वाडा देखणा होता, नाही कसं म्हणू? पांढऱ्या भिंती, काळी कौलं, कोरीव लाकूडकाम. इथले व्यापारी वर्षानुवर्षं परमुलखात असत, म्हणून मागे चोर शिरू नयेत अशा बेतानं बाहेरच्या भिंती उंच आणि खिडक्या चिमुकल्या. चोरांचं माहीत नाही, वारा मात्र आजतागायत आत शिरलेला नाही. शेजारची आग पसरू नये म्हणून घराघरांमधल्या भिंती छपराच्याही वर पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेल्या. आणि आतल्या दोन खोल्यांमध्ये? नुसत्या फळ्या! पलीकडचे गृहस्थ घोरताना शेवटी बारीक शिट्टी मारत. ती वाजेपर्यंत मला झोप लागेना, आणि वाजली की लागलेली मोडे. बायको गाढ झोपलेली.

घराच्या मधोमध उघडा चौक. चारही छपरं आतल्या बाजूला उतरती. पावसाचं पाणी घरातच पडावं, म्हणजे लक्ष्मीही बाहेर जात नाही, अशी त्यांची श्रद्धा. पण संडास चौकापलीकडे, आणि नेमका रात्री दोन वाजता धो धो पाऊस. माळ्याच्या शिडीसारखा जिना मी चाचपडत उतरलो, नडगीएवढ्या उंबरठ्यावर नडगीच आपटली, आणि चौक ओलांडेपर्यंत त्या घराण्याची समस्त लक्ष्मी माझ्या मानेवरून बनियनमध्ये शिरली.

ते बनियन पिळून वरच्या कोरीव कठड्यावर वाळत घातलं.

सकाळी मालकीणबाईंनी कौतुकानं केसाळ टोफू वाढला. त्यावर मुद्दाम पांढरी बुरशी वाढवतात, मग तेलात खरपूस तळून तिखट चटणीबरोबर देतात. "आपल्या फ्रिजमध्ये हे झालं असतं तर तू मला किती बोलला असतास!" बायको म्हणाली आणि तिनं तिसरा तुकडा उचलला. चवीला झकास होता, हे मीही कबूल करतो. फक्त खाताना त्याच्याकडे बघायचं नाही.

तेवढ्यात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा घोळका चौकात घुसला. या गावात ते वर्षभर पैशाला पासरी असतात. स्टुलं मांडून सगळे कठड्याचं चित्र काढू लागले. मी घाईघाईनं वर धावलो आणि बनियनला हात घातला, तर खालून एकच ओरडा! एका मुलीनं मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यातला बाईचा आवाज शांतपणे हिंदीत म्हणाला, "कृपया उसे मत हटाइए. उसमें रंग भरना बाकी है."