हरवलेले अकरा क्रेट

गेल्या फेब्रुवारीत द्राक्षांची काढणी ऐन भरात असताना पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसच्या मालकांचा मला रात्री साडेनऊला फोन आला आणि नमस्कारचमत्कार न करता ते म्हणाले, "साहेब, आज अकरा क्रेट कमी भरलेत. मुकादमावर संशय घ्यायचा की तुमच्यावर, तेवढं सांगा."

मी अर्थातच मुकादमाचे नाव सुचवले.

क्रेट मोजण्याचा तो प्रोग्राम मी लिहिलेला होता. दोन दरवाजे, दोन स्कॅनर, त्यांच्यासाठी दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी दोन कामे, आणि दोघांत मिळून एकच आकडा, अशी त्याची सुटसुटीत रचना करताना मला स्वतःचे फार कौतुक वाटले होते. आता मुकादमाच्या वहीत १,२१४ क्रेट होते आणि पडद्यावर १,२०३. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवरून भल्या पहाटे निघून, आडगाव नाका आणि ओझर मागे टाकून मी पॅकहाऊसवर पोहोचलो, दिवसभर पडद्यावरून नजर हलवली नाही, आणि संध्याकाळी हिशेब चोख जुळला. रात्रभर ढासणारे पोर डॉक्टरांपुढे बसवले की जसे एकदाही खोकत नाही, तसा हा प्रकार होता. मी घरी परतलो आणि तिसऱ्या दिवशी सात क्रेट गेले.

मग मी प्रत्येक पायरीवर आकडा छापून पाहण्याची जुनी युक्ती केली. ओळी पेरल्या आणि चूक गायब झाली. ओळी काढल्या आणि चूक परतली. छापण्याच्या यंत्रणेला आतून स्वतःचे कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पुढे सोडणारी सोय, असते, त्यामुळे छापण्यासाठी दोन्ही थ्रेड निमूटपणे रांगेत उभे राहत होते आणि मी बघतो आहे तोवर सज्जनासारखे वागत होते. त्या ओळी कायमच्या ठेवून पैसे घ्यावेत, असा विचार माझ्या मनात दोन दिवस होता, हे इथे कबूल करतो.

दोष काय होता, हे सांगायला सोपे आहे. आकड्यात एक मिळवणे ही आपल्याला एक क्रिया वाटते. यंत्राला ती सहसा तीन पायऱ्यांची पडते: आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे, तो परत ठेवणे. पहिल्या दरवाजाने ५०० वाचले, त्याच क्षणी दुसऱ्यानेही ५०० वाचले, दोघांनीही मोठ्या प्रामाणिकपणे ५०१ लिहिले आणि एक क्रेट हिशेबातून नाहीसा झाला. त्यातून वाचणे आणि ठेवणे यांच्या मध्ये वजनाची नोंद करण्याचे काम मी स्वतःच्या हाताने घुसवले होते, म्हणजे चोराला जाता यावे म्हणून फट नीट रुंद करून दिली होती. तरीही दोन्ही दरवाजांवर क्रेट अगदी एकाच वेळी आले तरच ती फट भोवत असे, आणि मी तिथे असताना ते कधीच आले नाहीत.

शेवटी थ्रेडसॅनिटायझरला, म्हणजे थ्रेडमधल्या अशाच चुका हुडकणाऱ्या शोधकाला, शरण गेलो. हे हत्यार लावले की प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट मंदावतो आणि मेमरीही ५ ते १० पट खातो, त्यामुळे पॅकहाऊसचा म्हातारा संगणक धापा टाकू लागला. पेरलेल्या छापील ओळी मी आधी काढून टाकल्या होत्या, कारण त्यांच्या कुलपामुळे नसलेला क्रम दिसू लागतो. गंमत अशी की त्या दिवशी आकडा बरोबर आला आणि अहवाल मात्र लालभडक निघाला. हा शोधक चोरी होण्याची वाट पाहतच नाही. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली मांडलेल्या 'आधी घडले' या संबंधावर तो चालतो: एकाच जागेला दोन थ्रेड शिवले, त्यांतल्या निदान एकाने तिथे लिहिले, आणि आधी कोण व नंतर कोण हे ठरवणारे कुलूप वा अन्य काही मध्ये नसेल, तर त्याच्या लेखी गुन्हा सिद्ध झाला. १९९७ सालच्या 'इरेझर' या शोधकाचा स्वभाव आणखी संशयी होता. या जागेला शिवताना प्रत्येकाच्या हाती एकच समान कुलूप होते का, एवढेच तो पाही आणि त्यापायी कधीकधी निरपराध्यालाही धरी. मात्र जो कोड चाललाच नाही, त्याबद्दल थ्रेडसॅनिटायझर चकार शब्द काढत नाही, म्हणून मी दोन्ही दरवाजांवर हमालांना रिकामे क्रेट घेऊन तासभर पळवले. अहवालात दोन्ही थ्रेडची नावे आणि एकच ओळ होती, १४८वी. तिच्यावर मी "इथे काही चुकण्यासारखे नाही" अशी टीप लिहून ठेवली होती.

कुलूप लावायला बसलो तेवढ्यात शेजारी मुकादमाची वही उघडी दिसली. पानावर मधोमध रेघ, डावीकडे पहिला दरवाजा, उजवीकडे दुसरा, पाच-पाच रेघांच्या जुड्या, आणि बेरीज फक्त संध्याकाळी, काम थांबल्यावर. दोघांनी एका आकड्याला हात लावण्याचा प्रश्नच त्याने येऊ दिला नव्हता. मी कुलूप बाजूला ठेवले, प्रत्येक थ्रेडला स्वतःचा आकडा दिला आणि थ्रेड थांबल्यावर बेरीज केली. हिशेब जुळला, दुसऱ्या दिवशी जुळला, आठवडाभर जुळला.

मालकांनी बिल पाहून तीन आठवडे नक्की काय केले असे विचारले, तेव्हा मी लॅम्पोर्टपासून सुरुवात केली. मुकादमाने ते शांतपणे ऐकून घेतले, वही मिटली, पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाला, "ते असू द्या साहेब. त्या रात्री फोनवर माझं नाव कोणी घेतलं होतं?"