खुलासा: दोन दिवसांत कुणी आध्यात्मिक सोबती होत नाही

माझ्याच जुन्या पोस्टचा अर्धा तुकडा तोडून एक मेसेज फिरतोय, की आध्यात्मिक सोबतीचं (म्हणजे एखाद्याच्या श्रद्धेबद्दलचं, मनातलं बोलणं सल्ला न देता ऐकून घेण्याचं) ट्रेनिंग दोन दिवसांत होतं आणि मग कुणाचंही डिप्रेशन बरं करता येतं, डॉक्टर-बिक्टर नको. हे चूक आहे. "ऐकणं म्हणजे औषधच" असं मी लिहिलं होतं खरं, ते वाक्य ढिलं होतं, तेवढी चूक माझी.

मी स्वतः हे ट्रेनिंग घेतेय, दुसरं वर्ष चालू आहे. बरेचसे कोर्स १ ते ३ वर्षांचे असतात, कारण शिकायचं काय तर गप्प बसणं. सरावाला आम्ही तिघी बसतो, एक बोलते, एक ऐकते, तिसरी फक्त बघते. पहिल्याच वेळी मी चौथ्या मिनिटाला सल्ला देऊन मोकळी, आणि बघणारीच्या वहीत काय, "ती रडायला आली होती, तू विषय बदललास." दुसऱ्याचं रडू मला झेपत नाही हे मला चाळिशीत कळतंय!

आध्यात्मिक सोबतीची ही पद्धत मूळ ख्रिस्ती मठांमधली, आता वेगवेगळ्या धर्मांची माणसं शिकतात. सोबती गुरू नसतो, निदान करत नाही, गोळ्या बंद करायला तर अजिबात सांगत नाही. समोरच्याच्या बोलण्यात जिवाचं बरंवाईट करायचा विचार डोकावला तर लगेच तज्ज्ञांची मदत मिळवून द्यायची, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं.

जुनी पोस्ट दुरुस्त केलीय. तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका, आणि त्यामुळे कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर आधी डॉक्टरांना फोन करा.