माझा दहावीतला मुलगा

मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, सहावीत, आणि संगणकावरचे खेळ हा तिच्या मते बाबांना जडलेला आजार आहे. हे आधीच सांगतो, कारण गेल्या शनिवारी नागपुरात बर्डीच्या एका दुकानात मला अचानक दहावीतला मुलगा झाला, आणि त्याच्यापायी चारचौघांत जी बोलणी खाल्ली ती अजून पचलेली नाहीत.

माझा लॅपटॉप २०१७चा. बिजागरीपाशी झाकण फाटलंय, ते मी परीक्षेच्या पॅडला असते तसल्या क्लिपने धरून ठेवतो. प्रोसेसर सातव्या पिढीचा; विंडोज ११ आठवीच्या खालच्यांना उंबरठा ओलांडू देत नाही, आणि विंडोज १०ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. रात्री गेम लावला की पंखा असा सुटतो की शेजारचे विचारतात, "कूलर आतापासूनच काढला काय?" म्हणून नवा घ्यायचा होता. अट एकच, टिकला पाहिजे.

आठवडाभर अभ्यास केला. दहावीत केला नव्हता एवढा. प्रश्न लिहून नेले. मेट्रोने सीताबर्डीला उतरलो, दुकानात शिरलो, आणि काउंटरवरच्या पोराने विचारलं, "बच्चे के लिए चाहिए क्या सर?"

(बर्डीत दोन मराठी माणसं पहिली दोन वाक्यं हिंदीतच बोलतात. तिसऱ्याला एखादा 'बाप्पा' निसटतो आणि बिंग फुटतं.)

मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. दाढी अर्धी पांढरी. 'माझ्यासाठी' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या नजरेत इतकी खात्री होती की मी म्हणालो, "हो. मुलासाठी."

तिथे कोपऱ्यातल्या स्टुलावर एक काकाजी बसले होते. खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. प्रिंटरच्या काडतुसात शाई भरून घ्यायला आलेले. ती भरली जाईपर्यंत त्यांना काहीच काम नव्हतं. त्यांनी मान वळवली.

"कितवीत आहे?"

"दहावीत." का म्हणालो? सातवीत म्हणता आलं असतं. इंजिनिअरिंगला म्हटलं असतं तर विषयच मिटला असता.

"दहावीत? अन् तुम्ही त्याले गेमचा लॅपटॉप घेऊन देऊन राहिले?"

"अभ्यासालाही होतो, काकाजी."

"बीजगणिताले लाल-हिरवे दिवे कायले लागते?"

विक्रेत्याने प्रसंग सावरायला कीबोर्डचे दिवे बंद करून दाखवले. मग म्हणाला, "सर, हे मॉडेल मिलिटरी ग्रेड आहे."

"म्हणजे कामठीचे जवान वापरून राहिले काय?"

"अमेरिकेची मिलिटरी, काकाजी."

इथे मला बोलायचं होतं. ते 'मिल-एसटीडी-८१०' म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने ठरवलेल्या चाचण्यांच्या पद्धती. पाडणं, हलवणं, उष्णता, धूळ वगैरे. पण त्याचं प्रमाणपत्र देणारी संस्था नाही. कोणत्या चाचण्या द्यायच्या हे कंपनीच निवडते, आणि स्टिकरही स्वतःच लावते. विषय आपण निवडायचे, पेपरही आपणच तपासायचे. हे सगळं मी फार छान सांगणार होतो. पण काकाजी स्टूल पुढे ओढून आले होते.

"किती वॅटचा आहे?"

"सर, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे."

"मी वॅट विचारून राहिलो, तू लिटर सांगून राहिला."

कळलं की गृहस्थ एमएसईबीतून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं नोकरी. आणि वाईट याचं वाटलं की तो माझा प्रश्न होता! कागदावर पहिल्या क्रमांकाचा! आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्डाचं एकच नाव लॅपटॉपवर ३५ वॅट वीज घेणाऱ्यालाही लागतं आणि ११५ वॅटवाल्यालाही. नाव तेच, आणि खेळात जमीन-अस्मानाचा फरक. खोक्यावर हा आकडा ठळक लिहीत नाहीत. आठवडाभर घासून तयार केलेला प्रश्न एका माणसाने शाई भरून होईपर्यंतच्या वेळात सहज विचारला, आणि विक्रेता त्यांना "सर, बघून सांगतो" म्हणाला. मला नाही. त्यांना.

मग काकाजींनी लॅपटॉप उलटा केला. कलिंगड घेताना करतात तसा बोटाने ठोकला. "हवा खालून ओढते. पोरगं गादीवर ठेवून खेळन, मंग?"

"तो टेबलावरच खेळतो," मी म्हणालो. जरा जोरातच.

"मे महिन्यात काय करन?"

याला उत्तर नव्हतं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं. भोवतालच्या हवेचं. ३५ म्हणजे आमच्याकडे मार्चमध्ये स्वेटर कपाटात जातात ते दिवस. २०१३च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ झालं होतं. २०२४ला तर एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ दाखवलं, मग कळलं की सेन्सर बिघडला होता. जिथे तापमान मोजायचं यंत्रच हातपाय गाळतं, तिथे लॅपटॉपने काय करावं? चिप तापली की तो मुकाट्याने वेग कमी करतो, आणि शर्यतीतली तुमची गाडी व्हरायटी चौकातल्या ऑटोसारखी सरकू लागते.

एव्हाना पेनड्राइव्ह घ्यायला आलेल्या एक ताईही सामील झाल्या होत्या. त्यांच्या जाऊबाईंच्या मुलाला चष्मा लागला होता. काकाजींनी शेवटचा घाव घातला. "चाचणीत गणिताले किती पडले?"

आणि मी, देवा शप्पथ, म्हणालो, "भूमिती ठीक आहे. बीजगणितात जरा कच्चा आहे."

दुकानभर एक सुस्कारा फिरला. त्या गोंधळात मी माझी एकुलती एक चाचणी उरकली. झाकण एका बोटाने उघडून पाहिलं. खालचा भागही सोबत उचलला गेला, म्हणजे बिजागरी ताठ. माझ्या जुन्याचं असंच झालं. पितळी नटं प्लास्टिकात रुतवलेली असतात, ताठ बिजागरी दोन-तीन वर्षं त्यांना ओढत राहते आणि एक दिवस प्लास्टिक कडकन जातं. नव्वद हजारांच्या वस्तूत. वर तो पोरगा म्हणतो, "लवकर घ्या सर, रॅम महाग झाली." झाली आहे खरी. एआयची डेटा सेंटरं जगातली मेमरी ढोसून राहिली आणि भुर्दंड मला, रात्री साडेदहानंतर तासभर गाडी पळवणाऱ्याला.

या तासाचाच राग येतो. माझ्या वयाच्या मित्राने बुलेट घेतली, वर्षभर अंगणात कापडाखाली उभी आहे. त्याला कोणी विचारलं नाही, बच्चे के लिए क्या? दुसऱ्याने चाळीस हजारांची ट्रेडमिल घेतली, तिच्यावर टॉवेल वाळतात. त्याला 'शौकीन माणूस' म्हणतात. आणि मी माझ्याच पैशाने, माझ्यासाठी, असं म्हणायला घाबरलो. एका काउंटरवरच्या पोराला.

लॅपटॉप घेतला नाही. निघताना काकाजींनी माझा नंबर घेतला. त्यांचा पुतण्या प्रतापनगरला गणिताच्या शिकवण्या घेतो म्हणे.

रविवारी सकाळी साडेसातला फोन आला. बायकोचे हात कणकेचे होते म्हणून तिने स्पीकर लावला.

"काय भाऊ, पोरगा उठला काय?"

बायकोने पोळपाटावरून माझ्याकडे पाहिलं. मी आवंढा गिळला. "नाही काकाजी. झोपलाय."

"दहावीत आहे अन् साडेसात वाजेपर्यंत झोपून राहिला?"

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही त्या पोराचा राग आला.