खुलासा : ‘नागालँडच्या मोत्यांच्या पोशाखा’चा तो फोटो

गडद निळ्या-काळ्या आखूड झग्यावर लाल भरतकाम आणि पांढऱ्या मण्यांच्या ओळी, असा एका स्त्रीचा फोटो फिरतोय. ‘नागालँडचा पोशाख, खरे मोती’ असं खाली लिहिलंय. दोन्ही चूक.

हा पोशाख उत्तर व्हिएतनामच्या लाओ काय प्रांतातल्या फूला लोकांपैकी शा फो गटाचा आहे. व्हिएतनामच्या अधिकृत ५४ समुदायांत फूला मोडतात. सीमेपलीकडे चीनच्या युनान प्रांतात याच लोकांची गणना ‘यी’ या मोठ्या गटात होते. हनोईच्या मानववंश संग्रहालयाने छापलेल्या फोटोंशी ताडून पाहिलं तर कापाची आणि नक्षीची ठेवण जुळते.

ते मणीही मोती नव्हेत. एका गवताच्या टणक, चकचकीत बिया आहेत त्या. बीला मुळातच आरपार पोकळी असते, त्यामुळे भोक पाडावं लागत नाही, थेट सुई ओवता येते. (मला तर मोत्यांपेक्षा हेच भारी वाटतं!) नागा दागिन्यांतही हीच बी दिसते, गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासाही टाका.